पोर्ट ऑफ स्पेन समजून घ्यायचं तर समुद्राकडून डोंगराकडे चाला

त्रिनिदादला नोकरीसाठी, शिकायला किंवा क्रिकेट बघायला येणारी मराठी माणसं राजधानीबद्दल हमखास एकच प्रश्न विचारतात, "पाहण्यासारखं काय आहे?" यादी देता येते, पण यादी हातात घेऊन फिरलं की हे शहर तुटक तुटक दिसतं. इथे एक चर्च, तिथे एक मैदान, मध्येच एक कोरडी नदी. मीही पहिले काही महिने असंच फिरलो. मग इथल्या एका जुन्या रहिवाशाने सांगितलं, "पाणी कुठे होतं आणि कुठे गेलं ते बघ." तेव्हापासून शहर उलगडायला लागलं. हा लेख त्याच वाटेने जातो. सगळ्या पायऱ्या एका दिवसात उरकू नका, दोन दिवस तरी ठेवा.

पहिली पायरी: दिशा पक्क्या करा

त्रिनिदाद हे बेट कॅरिबियन साखळीच्या अगदी दक्षिण टोकाला आहे. व्हेनेझुएलाचा किनारा जिथे सर्वांत जवळ येतो तिथे मधलं अंतर जेमतेम 11 किलोमीटर. भूगोलाच्या हिशेबाने हा दक्षिण अमेरिकेचाच तुटलेला तुकडा. शहराच्या पाठीशी दिसणारी उत्तरेची डोंगररांग, नॉर्दर्न रेंज, ही व्हेनेझुएलाच्या किनारी डोंगरांचंच पुढचं टोक आहे. समोर पारियाचं आखात आहे, उथळ आणि बहुतेक वेळा शांत. मोकळ्या कॅरिबियन समुद्राच्या लाटा डोंगरापलीकडे, उत्तर किनाऱ्यावर. राजधानीत पुळण शोधू नका, इथे बंदर आहे.

तेव्हा लक्षात ठेवायचं ते एवढंच: डोंगर दिसला की उत्तर, बंदरातल्या क्रेन दिसल्या की दक्षिण. शहर या दोहोंच्या मधल्या सपाट पट्टीवर बसलं आहे. ते छोटंही आहे. 2011 च्या जनगणनेत खुद्द शहराच्या हद्दीत 37 हजारांच्या आसपास लोक होते, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. दिवसा गर्दी दिसते ती पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या उपनगरांतून कामाला आलेल्यांची. संध्याकाळी बाजारपेठेचा भाग रिकामा होतो. म्हणून जुन्या भागातलं फिरणं सकाळी उरका आणि अंधार पडल्यावर तिथे एकटे रेंगाळू नका. हे इथले लोकही पाळतात.

हवामान साधं आहे: जानेवारी ते मे कोरडा काळ, जून ते डिसेंबर पाऊस. चक्रीवादळं बहुतेक वेळा बेटाच्या उत्तरेकडून निघून जातात. निवड हातात असेल तर फेब्रुवारी-मार्च-एप्रिलमध्ये या. त्या दिवसांत डोंगरउतारावर पुई नावाची झाडं पानं टाकून नुसत्या पिवळ्या, गुलाबी फुलांनी भरतात. मात्र कार्निव्हलच्या आठवड्यात यायचं असेल तर राहण्याची सोय कित्येक महिने आधी करा.

विमानतळ पियार्कोला, शहराच्या पूर्वेला. टॅक्सीला मीटर नसतो, भाडं बसण्याआधीच ठरवून घ्या. शहरात मॅक्सी-टॅक्सी चालतात, म्हणजे अंगावर रंगीत पट्टा असलेल्या छोट्या बसगाड्या. पिवळा पट्टा पश्चिमेकडे, लाल पूर्वेकडे, हिरवा दक्षिणेकडे चाग्वानास आणि सान फर्नांडोला. त्यांचं मोठं ठाणं म्हणजे सिटी गेट, जुन्या रेल्वे स्टेशनच्या इमारतीत. गाडीत चढताना सगळ्यांना मिळून "गुड मॉर्निंग" म्हणायचं. न बोलता बसलात तर उद्धट ठराल. आणि अंधार पडल्यावर भेटताना "गुड नाइट" ऐकलंत तर दचकू नका. इथे तो निरोप नाही, ते स्वागत आहे.

कपड्यांची एक सूचना, कारण यात खरंच अडचण होऊ शकते: लष्करी छापाचे, हिरवे-तपकिरी ठिपक्यांचे कपडे नागरिकांनी घालणं इथे कायद्याने गुन्हा आहे. तशी पँट किंवा पिशवी घरीच ठेवा.

दुसरी पायरी: दीपस्तंभापाशी उभे राहा

सिटी गेटहून बंदराच्या बाजूला आलात की वाहत्या रस्त्याच्या मधोमध एक बुटका, जरासा कललेला दीपस्तंभ दिसेल. दोन्ही बाजूंनी गाड्या चाललेल्या. दीपस्तंभ रस्त्यात कोण बांधेल? तो रस्त्यात बांधलेला नव्हता, धक्क्यावर होता. समुद्रच मागे ढकलला गेला. मुंबईकराला भराव नवा नाही, पण इथे तो एका नजरेत दिसतो.

आता पाठ समुद्राकडे करून थोडं आत चाला. पूर्व-पश्चिम पसरलेला लांबलचक चौक लागेल, तो इंडिपेंडन्स स्क्वेअर. स्पॅनिश काळात याचं नाव प्लाझा दे ला मरिना, इंग्रजांच्या काळात मरीन स्क्वेअर, आणि 1962 मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर आजचं नाव. मधल्या पादचारी पट्ट्याला ब्रायन लाराचं नाव दिलं आहे. चौकाच्या पूर्व टोकाला रोमन कॅथलिक कॅथेड्रल आहे. त्याचं बांधकाम 1816 ते 1832 चाललं आणि तेव्हा ते जवळजवळ पाण्याच्या कडेला होतं. आज तिथून समुद्र दिसतही नाही. जोराचा पाऊस आणि भरती एकत्र आली की या सखल भागात पाणी तुंबतं. जुनी जमीन कुठे संपते हे त्या दिवशी नकाशाशिवाय कळतं.

इथे थोडा इतिहास. कोलंबस 1498 मध्ये, तिसऱ्या सफरीत, या बेटाला आला. स्पेनने राजधानी मात्र समुद्रापासून आत, सान होसे दे ओरुन्याला ठेवली, आजचं सेंट जोसेफ. बंदराजवळ कुमुकुरापो नावाची मूळ रहिवाशांची वस्ती होती. ते नाव अजून जिवंत आहे: पश्चिमेकडचं मुकुरापो. 1757 मध्ये गव्हर्नर पेद्रो दे ला मोनेदा मोडकळीला आलेली सान होसे सोडून बंदराच्या या खेड्यात राहायला आला आणि राजधानी त्याच्या मागून आली. खरी वस्ती वाढली ती 1783 च्या शाही फर्मानाने. कॅथलिक असाल आणि स्पेनच्या राजाशी निष्ठेची शपथ घेत असाल तर जमीन फुकट. आणलेल्या प्रत्येक गुलामामागे जादा जमीन. शेजारच्या बेटांवरून फ्रेंच मळेवाले गुलामांसह लोटले. झेंडा स्पेनचा आणि बाजारात बोली फ्रेंच, असं काही वर्षं चाललं. 1797 च्या फेब्रुवारीत इंग्रजांचं आरमार आलं आणि गव्हर्नर चाकोनने फारशी झुंज न देता बेट सोडलं. म्हणून गल्ल्यांच्या पाट्या वाचताना तिन्ही थर दिसतात: दिएगो मार्टिन, लाव्हेंटिल, फ्रेडरिक स्ट्रीट. जमीन फुकट कोणाला मिळाली आणि ती कसली कोणी, हा प्रश्न पाट्या वाचताना मनात असू द्या.

तिसरी पायरी: वुडफर्ड स्क्वेअरमध्ये बाकावर बसा

चौकातून उत्तरेला चाकोन स्ट्रीटने चाला. तुम्ही एका नदीच्या पात्रातून चालला आहात. सेंट ॲन्स नदी पूर्वी साधारण याच वाटेने, आजच्या वुडफर्ड स्क्वेअरमधून खाली समुद्राला मिळत असे. ती दरवर्षी गावात घुसे. 1787 मध्ये चाकोनने ती उचलून पूर्वेला लाव्हेंटिलच्या टेकड्यांच्या पायथ्याला नेली. ज्याने नदी हलवली त्याचंच नाव तिच्या जुन्या वाटेला आहे.

वुडफर्ड स्क्वेअर हा झाडांखालचा चौक आहे. कारंजं, लोखंडी कठडा, बाकांवर वाद घालणारी मंडळी. घाई करू नका, इथे अर्धा तास बसाच. 1808 च्या आगीत शहराचा मोठा भाग जळाला. नंतर 1813 ते 1828 गव्हर्नर असलेल्या राल्फ वुडफर्डने आजचं शहर आखलं. चौक, रुंद रस्ते, दोन्ही कॅथेड्रल त्याच्याच काळातली. चौकाच्या दक्षिणेचं ते अँग्लिकन ट्रिनिटी कॅथेड्रल.

पश्चिमेला मोठी लाल इमारत दिसते ती रेड हाउस, देशाची संसद. 1897 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून तिला लाल रंग दिला आणि लोकांनी तेच नाव ठेवलं. आज उभी आहे ती मात्र ती इमारत नाही. पहिली 23 मार्च 1903 ला जळाली, आणि कारण होतं पाणी. सरकारने पाण्याचे मीटर आणि पाणीपट्टीचा नवा कायदा आणला. करदात्यांचा राग होताच, त्यात त्या दिवशी सभागृहात बसायला लोकांना पासची सक्ती झाली. याच चौकात जमाव जमला, दगड आले, आग लागली, पोलिसांनी गोळ्या घातल्या. 16 माणसं मेली. इमारत 1907 मध्ये पुन्हा उभी राहिली.

पाण्याचा प्रश्न आजही मिटलेला नाही. घराघराच्या छपरावर, अंगणात काळ्या टाक्या दिसतील, कारण बऱ्याच भागांत पाणी ठरलेल्या दिवशीच येतं. घर भाड्याने घेताना खोल्या मोजण्याआधी टाकी किती मोठी आहे आणि नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं हे विचारा. मी ते विचारलं नव्हतं आणि पहिल्याच आठवड्यात बादल्या विकत आणाव्या लागल्या.

याच चौकाला "वुडफर्ड स्क्वेअर विद्यापीठ" म्हणत. 1955 पासून इतिहासकार एरिक विल्यम्स इथे उभे राहून हजारो लोकांना गुलामगिरीचा, साखरेचा, वसाहतींच्या कारभाराचा इतिहास सांगत. तेच पुढे पहिले पंतप्रधान झाले. 1990 च्या 27 जुलैला रेड हाउसमध्येच सशस्त्र गटाने पंतप्रधानांसह खासदारांना ओलीस धरलं, सहा दिवस. त्या आठवणीबद्दल इथले लोक हलक्या आवाजात बोलतात. तुम्ही विषय काढू नका, त्यांनी काढला तर ऐका. 2013 मध्ये दुरुस्तीच्या वेळी इमारतीखाली मूळ रहिवाशांची हाडं सापडली. सगळ्या झेंड्यांच्या आधी इथे माणसं राहत होती आणि आपले मृत पुरत होती, हे संसदेच्या पायातच निघालं.

चौथी पायरी: कोरडी नदी

फ्रेडरिक स्ट्रीट आणि शार्लट स्ट्रीट ओलांडून पूर्वेला गेलात की चाकोनने हलवलेली नदी भेटते. नाव ईस्ट ड्राय रिव्हर. काँक्रीटचा खोल नाला, तळाशी उन्हाळ्यात पाण्याची एक बारीक रेघ. पाऊस झाला की तीच तपकिरी होऊन घोंगावत जाते. या नाल्याने शहराचे दोन भाग केले. पलीकडच्या वस्तीला "बिहाइंड द ब्रिज" म्हणतात. गुलामगिरी 1838 मध्ये पूर्ण संपली आणि मळे सोडून आलेली माणसं तिथल्या उतारांवर राहिली. आजही गरिबी आणि बंदुका यांच्या बातम्या तिथल्याच येतात. ओळखीचं कोणी सोबत नसेल तर पूल ओलांडू नका.

पण त्या वस्तीला फक्त बातम्यांवरून ओळखणं हा अन्याय आहे. स्टीलपॅन हे वाद्य तिथलं आणि आजूबाजूच्या अंगणांतलं. इंग्रज सरकारने चामड्याच्या ढोलांवर बंदी घातली तेव्हा लोकांनी बांबू आपटून ताल धरला. पुढे 1930 आणि 40 च्या दशकांत बिस्किटांचे डबे, मग तेलाची पिंपं ठोकून त्यातून सूर काढले. पिंपाचा तळ हातोड्याने आत दाबत वाटीसारखा करतात, त्यावर एकेक फुगवटा उठवतात, आणि प्रत्येक फुगवटा हा एक स्वर. जानेवारी-फेब्रुवारीच्या रात्री पॅनयार्डमध्ये, म्हणजे वादकांच्या अंगणात, सराव चालतो. रेनेगेड्स या स्टीलपॅन-पथकाचं अंगण शार्लट स्ट्रीटवर, नदीच्या अलीकडे. सोबत घेऊन एका रात्री जाच. शंभर माणसं एकाच वेळी वाजवतात तेव्हा आवाज आधी छातीत लागतो, मग कानात.

पाचवी पायरी: सव्हानाला फेरी

फ्रेडरिक स्ट्रीट उत्तरेला जिथे संपतो तिथे क्वीन्स पार्क सव्हाना, सुमारे 260 एकरांचं मोकळं मैदान. वुडफर्डने 1817 मध्ये पेशिए कुटुंबाकडून ही उसाची जमीन घेतली. कुटुंबाने आपली दफनभूमी मात्र राखली, ती मैदानाच्या आत भिंतीमागे अजून आहे. मैदानाभोवती सगळी वाहतूक एकाच दिशेने फिरते. संध्याकाळी पाचनंतर या, जेव्हा अर्धं शहर चालायला येतं. नारळपाणी घ्या. विकणाऱ्याला "जेली" सांगितलं की तो कोवळ्या खोबऱ्याचा नारळ निवडतो.

पश्चिम कडेला ओळीने सात वाडे, सगळे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे. दक्षिणेकडून पहिलं क्वीन्स रॉयल कॉलेज, घड्याळाच्या मनोऱ्याचं. लेखक व्ही. एस. नायपॉल आणि सी. एल. आर. जेम्स, शिवाय एरिक विल्यम्स, तिघेही याच शाळेचे विद्यार्थी. शेवटचा स्टोलमायरचा किल्ला. साखर आणि कोको यांच्या पैशाने बांधलेल्या घरांमध्ये एवढी ऐट आहे की थोडा वेळ खालच्या कोरड्या नदीचा विसर पडतो. तो पडू देऊ नका.

सहावी पायरी: सेंट जेम्स, आणि इथे जास्त वेळ द्या

पिवळ्या पट्ट्याची मॅक्सी धरून पश्चिमेला या. वाटेत वुडब्रुक लागतं. अँगोस्टुरा बिटर्स, म्हणजे पेयांत थेंबभर घालायचा कडू अर्क, बनवणाऱ्या झीगर्ट कुटुंबाची ही जमीन. कार्लोस, लुईस, आना, पेट्रा या गल्ल्या त्यांच्याच घरातल्या माणसांच्या नावांच्या.

ट्रॅगरेट रोडवर क्वीन्स पार्क ओव्हल आहे, पाठीमागे डोंगर असलेलं. मराठी माणसाने इथे क्षणभर थांबावंच. मार्च 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते या मैदानावर. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी 112 धावा केल्या आणि 21 वर्षांच्या सुनील गावसकरांनी पदार्पणात 65 आणि नाबाद 67. महिन्याभराने त्याच मैदानावर, दाढ दुखत असताना, त्यांनी 124 आणि 220 केल्या. गावसकरांवर तेव्हा इथे कॅलिप्सो, म्हणजे इथल्या ढंगाचं गाणं, रचलं गेलं. 1976 मध्ये 403 चं लक्ष्य गाठून भारत जिंकला तेही इथेच. वय झालेला टॅक्सीवाला तुमचं गाव विचारील. "मुंबई" म्हटल्यावर पुढचा शब्द बहुतेक "गावसकर" असतो.

आता सेंट जेम्स. पाट्या वाचा: बॉम्बे स्ट्रीट, कलकत्ता स्ट्रीट, दिल्ली, लखनौ, पाटणा. 30 मे 1845 ला "फतेल रझाक" जहाज कलकत्त्याहून 225 माणसं घेऊन पारियाच्या आखातात उभं राहिलं. 1917 पर्यंत सुमारे 1 लाख 44 हजार गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, आले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधून. पेरू नावाच्या उसाच्या मळ्याच्या जमिनीवर त्यांच्यातल्या काहींनी वस्ती केली, तीच ही. बॉम्बे स्ट्रीट बघून इथे मराठी वस्ती असेल असं समजू नका. रस्त्याला नाव दिलं म्हणून माणसं तिथली होत नाहीत.

तरी ओळखीचं काही सापडतंच. मोहरमला इथे "होसे" असतो. रात्री ताजिये निघतात, हिंदू, मुसलमान, आफ्रिकी वंशाचे सगळे रस्त्यावर. पुढे "तासा" वाजतो, आपला ताशाच. मातीच्या भांड्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, आणि रस्त्याच्या कडेला पेटवलेल्या शेकोटीवर ते तापवून घट्ट करायचं. मी जवळ जाऊन बघत होतो. वाजवणाऱ्या पोराने हाताचा तळवा कातड्याजवळ धरला, बोटाने एकदा टिचकी मारली, मान हलवली, पुन्हा आगीवर धरलं. दुसऱ्या टिचकीला आवाज कडक आला आणि तो पळत मिरवणुकीत शिरला.

सकाळी आलात तर डबल्स खा. बारा नावाच्या दोन मऊ तळलेल्या पुऱ्या, त्यांवर छोल्यांची पातळ उसळ, चिंचेची चटणी, काकडी. "पेपर किती?" म्हणजे तिखट किती, असं विचारतील, पहिल्या दिवशी "स्लाइट" एवढंच म्हणा. मिरची आपल्या लवंगीला मागे टाकते. उभ्यानेच खायचं, कागद हातात, आणि किती खाल्ले ते आपणच मोजून शेवटी सांगायचं. विक्रेता तुमच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

एका सकाळी गाडीवर डबल्स देणाऱ्या बाई शेजारणीला इंग्रजीत काही सांगत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "माय आजी..." मी मान वर केली. वडिलांच्या आईला इथे अजून आजीच म्हणतात आणि वडिलांच्या वडिलांना आजा. भोजपुरीतून आलेले शब्द, घरातली भोजपुरी जवळजवळ गेली तरी राहिलेले. मी सांगितलं की आमच्याकडेही आजीच म्हणतात. त्यांनी हातातला चमचा ठेवला आणि विचारलं, "आणि तुझी आजी अजून आहे?"

सातवी पायरी: फोर्ट जॉर्ज

शेवटी सेंट जेम्सच्या वरच्या डोंगरावर जा. मॅक्सी वर जात नाही. टॅक्सी ठरवा आणि वाट बघायला सांगा, परतीला गाडी मिळत नाही. 1804 मध्ये बांधलेला हा किल्ला कधी लढला नाही. तोफांमागच्या लाकडी इशारा-घराचा आराखडा 1883 मध्ये घाना प्रदेशातल्या अशांती राजघराण्याच्या कोफी न्ती या राजपुत्राने केला होता. संध्याकाळी फाटक बंद होतं, चारपर्यंत पोहोचा. पाणी सोबत न्या.

हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला व्हेनेझुएलाचे डोंगर दिसतात. आखातातल्या लहान बेटांत नेल्सन आयलंड आहे. बोटीतून उतरलेल्या गिरमिटियांना आधी तिथे ठेवत. तिथे जाण्यासाठी सहली निघतात, त्यासाठी वेगळा दिवस काढा. मग डावीकडे नजर वळवा: चौकोनी गल्ल्या, बंदराच्या क्रेन, सव्हानाचा हिरवा तुकडा, आणि पलीकडे लाव्हेंटिलच्या टेकडीवर एकमेकांना चिकटलेली घरं. त्या घरांच्या पायथ्याशी नदी आहे. इथून ती दिसत नाही, पण कुठे असणार हे आता तुम्हाला बोटाने दाखवता येईल.